शेवटची रांग

"ऐकू येत नाही!"

मास्तर शेवटच्या रांगेतून ओरडले, तशी स्टेजवरची मुलगी दचकून थांबली. ही अकरावी वेळ. परवा पहिला प्रयोग, आणि मरणाला टेकलेल्या बापाच्या कानाशी म्हणायचं तिचं एक वाक्य काही केल्या मागपर्यंत पोचत नव्हतं.

"मोठ्याने म्हणू का, मास्तर?" तिने तिथूनच ओरडून विचारलं.

"बोंबलायला नट कशाला हवा? कुजबूजच हवी. पण इथपर्यंत आली पाहिजे!"

आधी नट, मग दिग्दर्शक, अशी चाळीस वर्षं मास्तरांनी याच हट्टावर काढली होती. तालमीला बसायचं ते शेवटच्या रांगेत. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या. मास्तरांना ऐकू आलं नाही म्हणजे आवाजच पोचला नाही, यावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती.

ते उठले, येरझाऱ्या घालून पुन्हा बसले. हल्ली सगळंच बिघडत चाललं होतं. घरची बेल नीट वाजत नव्हती, फोनवरची माणसं विहिरीतून बोलल्यासारखी बोलत, बायको तर तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागली होती. त्यात ही नवी पोरं. घशात जीवच नाही.

"पुन्हा!"

मुलीचे ओठ हलले आणि मिटले. बस्स, एवढंच.

"उद्यापासून येऊ नकोस. मी दुसरी बघतो."

मुलीने तोंड फिरवलं. तीन महिने ती एक दिवस चुकली नव्हती, हे मास्तरांना ठाऊक होतं आणि तेच त्यांना जास्त टोचत होतं.

"थांब. कसं पोचवतात ते तरी बघून जा."

ते तरातरा स्टेजवर गेले, खाटेशी गुडघे टेकले आणि कुजबुजले, "बाबा, तुम्ही झोपा. मी आहे." मग मान वर करून त्यांनी हाक मारली, "बत्ती! आलं ऐकू?"

शेवटच्या रांगेमागच्या काचेच्या केबिनच्या उघड्या दारातून लाइटवाला बाहेर आला. तीस वर्षं तो मास्तरांचे दिवे सांभाळत होता, म्हणून नावच बत्ती.

"आलं की, मास्तर!"

"बघ," मास्तर मुलीला म्हणाले.

बत्ती आत गेला नाही. खुर्चीची पाठ धरून तसाच उभा राहिला.

"पण तिचंही येत होतं, मास्तर! बाराही वेळा!"

हा इतका ओरडून का बोलतोय, असं मास्तरांच्या मनात आलं. मग आठवलं, गेलं वर्षभर तो त्यांच्याशी असाच बोलत होता. बेल, फोन, बायको. ती बिचारी काय काय सांगत असेल.

मास्तर सावकाश खाली उतरले. शेवटच्या रांगेकडे न जाता पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर बसले.

"चल, पुन्हा."

मुलीने गुडघे टेकले. मधे दहा पावलंही नव्हती. तिचे ओठ हलले, मिटले.

मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी मागे वळून बघितलं. शेवटच्या रांगेमागून बत्तीने अंगठा वर केला.

"पोचलं," मास्तर मुलीला म्हणाले. "उद्या वेळेवर ये."