करंजाचं डिझेल

बोईसरच्या दीपालीचं तारापूरच्या लॅबमधलं काम तसं सोपं. बायोडिझेलमध्ये बुडवलेली पोलादी गोळी चकतीवर घासायची आणि गोळीवर उमटलेला ओरखडा भिंगाखाली मोजायचा. ओरखडा लहान, तर वंगण चांगलं.

सासूबाई माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. म्हणून नोकरी लागताच तिने सासूबाईंना सांगून टाकलं होतं, "करंजाच्या बियांचं तेल असतं, आई." निम्मे नमुने चरबीचे असतात हे त्यांना कळलं असतं, तर दीड वर्षांच्या रेवाला कोण सांभाळणार होतं?

आज कोंबडीच्या चरबीच्या नमुन्याने सगळ्यात लहान ओरखडा दिला. त्याचं कौतुक घरी सांगायची सोय नव्हती. त्यात तो नमुना कुर्त्यावर सांडला, आणि घराच्या दारातच रेवा येऊन त्याच कुर्त्याला बिलगली. तिच्या इवल्या गालाला तेल लागलेलं पाहून दीपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, धरा हिला. आज करंज जरा जास्तच सांडलंय."

सासूबाईंनी पदराने नातीचा गाल पुसला.

"करंज करंज पुरं कर आता. माझ्या माहेरी दिव्याला करंजाचंच त्याल हुतं. तुझी कापडं पयल्यांदा धुतली तवाच वासावरनं वळखलं मी, ही चरबी हाय."

दीपालीला मान वर करवेना. "मग बोलला का नाहीत?"

"मी बोलली असती तर नोकरी सोडून बसली असतीस," त्या रेवाला कडेवर घेत म्हणाल्या.

दीपालीची नजर सासूबाईंच्या मोकळ्या गळ्याकडे गेली. ते पाहून त्या म्हणाल्या,

"तुळशीची माळ घालून असली कापडं धुता येत न्हाईत, म्हणून तवाच ती काढून देवाजवळ ठिवली."