मनोरा उभारणारे

"हा मनोरा परदेशी तज्ज्ञांनी पुन्हा उभारला," एवढं पाठ केलेलं वाक्य चान्थूला म्हणायचं होतं. कंबोडियात परदेशी पर्यटक दरवर्षी वाढत होते आणि गाइडच्या परवान्यासाठी तिची आज शेवटची परीक्षा होती. समोर पंधरा पाहुणे होते, मागे वही घेतलेले परीक्षक.

पण ते वाक्य तिच्या तोंडून निघेना. जंगलात कोसळलेल्या त्या मनोऱ्याचा एकेक दगड ओळखून जागेवर बसवण्यात तिच्या वडिलांची अकरा वर्षं गेली होती. आताही ते पलीकडच्या भिंतीशी छिन्नी घेऊन बसले होते.

"नकाशे परदेशी तज्ज्ञांनी काढले," ती म्हणाली, "पण दगड आमच्या गावच्या माणसांनी बसवले. त्यातले एक तिथे बसलेत. माझे बाबा आहेत ते."

पाहुण्यांनी माना उंचावून मनोऱ्याचं टोक पाहिलं, मग त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. परीक्षक पुढे आले.

"हे आपल्या गाइडच्या पुस्तकात नाही."

चान्थूने वडिलांकडे एकदा पाहिलं. "नसेल साहेब, पण खरं आहे."

"मग पुस्तकात घालायला हवं," म्हणत त्यांनी तिच्या परवान्यावर सही केली.

पाहुण्यांना वडिलांसोबत फोटो हवा होता. वडिलांनी हात पुसले आणि भिंतीमागे वळून जोरात हाक मारली, "अरे, सगळे या रे! आपला फोटो काढताहेत!"

धुळीने माखलेले नऊ जण बाहेर आले आणि मनोऱ्यासमोर ताठ उभे राहिले.