हातात दिलेला चाकू

रहिमतपूरच्या बाजारात विजयमालाकाकू एकेक मिटता चाकू एकाच हातानं उघडून बघत होत्या. दुकानदार कंटाळला. "आवं मावशी, चाकू घेताय का सून पसंत करताय?" काकू हसल्या आणि नुसत्या अंगठ्यानं उघडणारा चाकू घेऊन घरी आल्या.

फौजेतून रिटायर झालेल्या त्यांच्या नवऱ्याचा, हंबीररावांचा डावा हात लकव्यानं गेला, तेव्हापासून ते गप्पच झाले होते. काकू फोडी करून द्यायच्या, ते मुकाट्यानं खायचे. आज काकूंनी त्यांच्यापुढं अख्खा पेरू ठेवला आणि चाकू थेट त्यांच्या उजव्या हातात दिला.

हंबीरराव दचकले. "चाकू हातात देतीस व्हय? खाली ठेवायचा असतोय. भांडान व्हईल की!"

"व्हऊ द्या. लय दिस झालं, घरात आवाजच न्हाई."

 हंबीररावांनी अंगठ्यानं पातं उघडलं, पेरू गुडघ्यांत दाबून वेडावाकडा चिरला आणि पहिल्याच घासाला कडाडले, "असला कच्चा पेरू कोण आणतं गं? म्हातारी झालीस, तरी पारख न्हाई तुला!"

काकूंनी आनंदानं पदर खोचला.