मजेत आहे

मण्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा त्याच्या अंगातलं सगळं माणसासारखं बोलून दाखवायचा. भुसावळच्या उन्हात त्याचं दिवसभर चालू, तहान लागली, फरशी भाजते. भिशीच्या बायकांसमोर तो तसं बोलला आणि त्याच्या मालकीणबाईंचं, कौतिकाबाईंचं, नाक कापलं गेलं.

"आमच्या घरात कुणी रडगाणं गात नाही," त्या पट्ट्याला म्हणाल्या. पट्टा शिकणारा होता. रोज दटावल्यावर घराची रीत शिकला.

आज दुपारी मण्या ओट्यावर आडवा पडला होता. जीभ विटेसारखी लाल, लाळ चिकट.

"काय रे, कसा आहेस?"

"मजेत आहे. तुम्ही जेवून घ्या," पट्टा म्हणाला.

कौतिकाबाई निवांत जेवल्या.

चुलीसारख्या तापलेल्या स्वयंपाकघरातून सून हर्षाली बाहेर आली. तिने मण्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, पण कातडी खाली बसली नाही. ती तशीच उभी राहिली.

"आत्याबाई, याच्या अंगात पाणीच उरलं नाही."

"पट्टा तर मजेत म्हणतोय."

"तो म्हणणारच. तुम्हीच शिकवलंय."

हर्षालीने त्याच्या पोटावर, पंजांवर पाणी घातलं, ओला कपडा टाकला. मण्याने तोंड उघडलं नाही. पट्टा म्हणत राहिला, मजेत आहे, मजेत आहे. मग तोही गप्प झाला.

उठताना हर्षालीचा तोल गेला. तिने भिंत धरली. ओठ सुकून पांढरे पडले होते.

"तुला काय झालं गं?"

"काही नाही, आत्याबाई. मजेत आहे."

कौतिकाबाईंनी सुनेचा हात ओढून घेतला आणि मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.