तेविसावी चाल

खामगावच्या मंगल कार्यालयात बुद्धिबळ स्पर्धेचा अंतिम डाव संपून पाव तासही झाला नव्हता, तोच विजयी प्रेमानंद मास्तरांना पंचांच्या टेबलासमोर उभे राहावे लागले.

"सर, हे नळावर तोंड धुवायले गेले, अन् आल्याबरोबर फुकटात हत्ती देऊन टाकला," हरलेला विहंग म्हणाला. "मोबाईलमधी पाहून आले हे!"

लबाडी सिद्ध झाली, तर तीन वर्षांची बंदी होती. आणि पिंपळगाव राजाच्या ज्या शाळेत मास्तर मुलांना बुद्धिबळ शिकवीत, तेथे तोंड दाखविणे अशक्य झाले असते.

पंच पंजाबराव यांनी सारा डाव आपल्या मोबाईलमधील बुद्धिबळाच्या इंजिनात भरला. हत्ती दिलेल्या तेविसाव्या चालीवर लाल खूण उमटली. पंजाबराव खो खो हसले.

"हे पाय बे! मशीन म्हणते, घोडचूक. मशीनले पुसलं असतं, त असा येडेपणा केला असता का मास्तरनं?"

"मंग मी हरलो कसा?"

"तुले उत्तर सुचलं नाही म्हून!"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पंजाबरावांनी कोरा कागद पुढे सरकविला. "मास्तर, चाल चुकून खेळलो, एवढं लिहून द्या. तक्रार खतम."

मास्तरांनी पेन उचलले. वीस वर्षांच्या खेळात अशी चाल त्यांना एकदाच, आजच, सुचली होती. शिवाय घरी डाव तपासताना त्यांनी अनेकदा अनुभवले होते, की इंजिनाचे पहिले मत हे शेवटचे नसते. वेळ मिळाला की ते खोल पाहते आणि बोललेले फिरविते. पंजाबराव मात्र टेबलावरचा मोबाईल बंद करावयास विसरले होते.

पडद्यावर मास्तरांच्या चालीला उणे चार गुण होते. पाहता पाहता उणे दोन झाले. 'चाल' हा शब्द लिहून होईतो शून्य. विहंग खाली वाकून पिशवी भरीत होता; तो कोणत्याही क्षणी मान वर करील. आता तेच यंत्र मास्तरांच्या बाजूने बोलले, तर मास्तर लबाड ठरणार होते.

अधिक तीन. लाल खूण मावळली आणि तिच्या जागी हिरवी उमटली : सर्वोत्तम चाल.

मास्तरांनी कागद सरकवून त्या पडद्यावर ठेवला, वर तळहात दाबला आणि 'चुकून खेळलो' असे लिहून सही केली.

"मास्तर," पंजाबराव ममतेने म्हणाले, "पुढच्या खेपेले जरा विचार करून खेळत जा."

"हाव साहेब," मास्तर म्हणाले. पण कागदावरील हात त्यांनी उचलला नाही.