गाडीवरची वारली

आमच्या गाडीवर वारलीची आठ चित्रं होती: तीन माणसं, दोन झाडं, एक मोर, एक बैलगाडी आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती चाललेला नाच. आई दर रविवारी हीच गाडी घेऊन नौपाड्यात चित्रकलेच्या क्लासला जायची, आणि कधीकधी परत आल्या आल्या गाडीवर एक नवं चित्र काढायची.

आता गाडी विकायची होती आणि घेणाऱ्या धनेशकाकांना ती बिनचित्रांची हवी होती.

"मी शब्द दिलाय त्याला, गाडीवर एक ओरखडा नाही म्हणून," बाबा म्हणाले. "संध्याकाळी येतोय तो. दीप्ती, पूस सगळं."

"अगं, निदान तो नाच तरी राहू दे!" आई म्हणाली. "कलेची कदरच नाही या घरात."

"रचना, कला भिंतीवर काढ."

रंग काढायचं द्रावण मी आधी एका कोपऱ्यात लावून पाहिलं. गाडीच्या मूळ रंगाला काही झालं नाही. मग एकेक चित्र पुसत गेले. आई चहा टाकायला म्हणून आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

&nbsp;

आठ चित्रांखाली अकरा ओरखडे निघाले. त्यांतले चार एकट्या नाचाखाली.