गुडघ्याएवढ्या उंचीवर

अर्धापूरच्या त्या केळी पिकवायच्या खोलीत मी तिसरा गॅस डिटेक्टर बसवला. पिकताना केळी कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो खाली साचतो, म्हणून भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर.

"पहिले दोन बी रिकाम्या खोलीत वाजायचे," मालक किशनराव म्हणाले. "गडी आत जाईनात. तुमचा मालच खराब हाय."

मला गड्यांचाच संशय होता. आत कुणीतरी झोपत असणार आणि त्याच्या श्वासाने तो वाजत असणार.

खोली रिकामी करून हवा खेळवली. वाकून सेन्सरवर फुंकर मारली. आकडा उसळला आणि हळूहळू उतरला. मशीन चांगलं होतं.

मग दार लावून मी एकटाच लांब कोपऱ्यात उभा राहिलो.

आकडा उसळला. उतरला. पुन्हा उसळला.

मी श्वास रोखला. तरी तो उसळतच राहिला.

मग एकदम थांबला, आणि माझ्या गुडघ्यावर गरम फुंकर आली.